भवानीचे दोन रुपये

चंद्रभागाकाकू म्हणजे पोलादपुरातली सगळ्यात श्रीमंत बाई, अशी मंजुळाची पक्की समजूत होती. हसू नका. आता मंजुळा स्वतःच हसते, डोळ्यांना पदर लावून हसते, आणि वर म्हणते, "अहो, पण टोपावर नाव होतं ना!"

त्या टोपाचं असं झालं. ऐंशी सालच्या फाल्गुनात मंजुळा लग्न करून महाडहून पोलादपूरला आली. नवरा दत्ताराम पंचायत समितीत क्लार्क. एसटी स्टँडच्या मागं दोन खोल्यांचं भाड्याचं घर, आणि भिंतीला भिंत लावून चंद्रभागाकाकूची खानावळ. आता खानावळ म्हणायचं म्हणून म्हणायचं. पत्र्याची पडवी, दोन बाकडी, आत चूल. वस्तीच्या गाड्यांचे ड्रायव्हर-कंडक्टर तिथं जेवायचे. दोन रुपयांत राइस प्लेट: भात, कुळथाची आमटी, तांदळाची भाकरी आणि काकूचे टोमणे. टोमण्यांचे वेगळे पैसे पडत नसत.

मंजुळाला येऊन महिना-दीड महिना झाला असेल, तर दत्तारामच्या साहेबांकडचं लग्न निघालं, कापड्याला. मंडपामागं चुलाण पेटलेलं आणि त्यावर पितळेचा टोप. केवढा? आत दोन पोरं बसवून आंघोळ घालावी एवढा. दोनशे माणसांचा भात एका दमात शिजत होता. आणि त्या टोपाच्या पोटावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं: 'सौ. चंद्रभागा भिकाजी सकपाळ, पोलादपूर.'

मंजुळा चाटच पडली. पुढं आठ दिवसांनी लोहाऱ्याला साखरपुडा, तिथं तोच टोप. मग पोलादपुरातच एका घरभरणीला, तिथंही तोच. तालुक्यात कुठंही भात शिजो, तो काकूच्याच टोपात. एकदा माणसाच्या डोक्यात बसलं की काय, सगळीकडं तेच दिसतं. काकूच्या लुगड्याला ठिगळ होतं. मंजुळा मनाशी म्हणाली, किती साधी राहणी! काकू सगळ्यांच्या मागून भाकरी आणि चटणी खायची; मंजुळा म्हणाली, पथ्य असेल. गळ्यात काळ्या पोतीशिवाय काही नव्हतं. मंजुळा म्हणाली, दागिने महाडला बँकेत असणार. हुशार होती हो पोरगी. सातवी पास!

पण हुशारीनं घर चालत नाही. दत्तारामचा पगार एक तारखेला यायचा आणि दहा तारखेला आलेला आठवायचासुद्धा नाही. गोमाजी शेटच्या दुकानात किराण्याची उधारी, दूधवाल्याची उधारी, महाडच्या कापडवाल्याची उधारी, आणि त्यावर दत्तारामनं हप्त्यावर घेतलेला रेडिओ. रेडिओ सकाळी बातम्या सांगायचा. घरातली बातमी तेवढी त्याला ठाऊक नव्हती.

एका महिनाअखेरीला घरात तांदूळ संपले. मंजुळानं डोक्यावरून पदर घेतला आणि श्रीमंत शेजारणीकडं गेली.

"काकू, वीस रुपये द्याल का? एक तारखेला देते."

काकू चुलीपुढं फुंकणी घेऊन बसलेली. तिनं आधी मागं वळून पाहिलं, कुणी दुसरी काकू उभी आहे का.

"मला म्हनतेस?"

"हो. म्हटलं, तुमच्यासारख्यांना वीस रुपये म्हणजे काय!"

"माझ्यासारख्यांना!" काकू एवढी हसली की फुंकणी हातातून पडली. ठसका लागला. "अगो, माझ्यासारख्या बाईनं देवाकडं मागाया गेलं तर तो बी खिसं उलटं करून दावंल. तुला कुनी सांगतलं मी पैशेवाली हाय म्हनून?"

"सांगायला कशाला पाहिजे? एवढा मोठा टोप तुमचा. कापड्याला पाहिला, लोहाऱ्याला पाहिला..."

काकूचं हसणं थांबलं. चुलीतलं लाकूड जळत पुढं आलेलं, तेही तिनं आत सारलं नाही.

"कुठं बघितलास गो?"

मंजुळानं सगळं सांगितलं. काकूनं ऐकून घेतलं आणि मग लांब श्वास सोडून म्हणाली, "माझा टोप गोमाजीशेटच्या माळ्यावर पालथा पडलाय, असं मी पाच वर्सं समजून चाललेय. आनि त्यो मेला गावोगावची लग्नं जेवतोय."

तर खरी गोष्ट अशी. काकूच्या बापानं म्हैस विकून तो टोप लेकीला लग्नात दिलेला. तो म्हणायचा, पोरीला दागिना दिला तर जावई मोडून खाईल. टोप दिला तर निदान शिजवून खातील. बापाची अक्कल चांगली, पण जावई त्याच्याहून वरचढ निघाला. भिकाजीकाका माणूस सोन्यासारखा, आवाजाचा मात्र भारी शौकीन. पंच्याहत्तर साली त्यांच्या मनात आलं, लाउडस्पीकर घ्यायचा आणि लग्नाकार्याला भाड्यानं द्यायचा. टोप गोमाजी शेटकडं गहाण पडला, सातशे रुपये आले, कर्णा आला, मशीन आलं. पेटीवर रंगवून घेतलं, 'चंद्रभागा साऊंड सर्व्हिस'. बायकोचं नाव टोपावरून निघालं आणि पेटीवर बसलं, एवढाच काय तो धंदा झाला. कारण काकांना भाडं मागायला लाज वाटायची. लोक म्हणायचे, "भिकाजी, देतो रे नंतर," आणि काका म्हणायचे, "कायच घाय नाय." दुसऱ्याच वर्षी एका हळदीला वीज अशी काही उसळली की मशीनमधून गाण्याऐवजी धूर आला. त्यानंतर काका लाकडाच्या वखारीत कामाला लागले. काकू दर महिन्याला चौदा रुपये व्याज नेऊन द्यायची, आणि सातशेचे सातशे जिथल्या तिथं.

"जा आणि भांडा त्यांच्याशी!" मंजुळा तावातावानं म्हणाली. "तुमचा टोप वापरून वर व्याज घेतात?"

"खुळी की काय तू? टोप त्याच्या घरात, अन भांडाया मी त्याच्या दारात? जड पारडं त्याचं हाय. आधी सुटायचं, मंग भांडायचं."

आणि भांडायला न जाताही गोमाजी शेटनं स्वतःच विषय काढला. पुढच्या व्याजाला काकू गेली तेव्हा शेट म्हणाले, "वैनी, म्हाडला एक मंगल कार्यालय निघतंय. त्यांना मोठी भांडी पायजेत. तुजा टोप मागतायत. मी म्हटलं, बाईची वस्तू हाय, वरीसभर थांबतो. येत्या अक्षय तृतीयेला मुद्दल आन, नायतर टोप जाईल म्हाडला. मला बोल लावू नको."

त्या दिवशी काकूनं आमटीत मीठ दोनदा टाकलं. ड्रायव्हर मंडळी गुपचूप पाणी पीत जेवली.

संध्याकाळी काकू मंजुळाकडं आली, हातात डालड्याचा रिकामा डबा. झाकण डाग देऊन बंद केलेलं, वर पैसा जाईल एवढी फट.

"ह्यो तुझ्याकडं ठेव. माझ्या घरात नको. आमचे ह्ये समोरच्यानं जरा तोंड बारीक केलं की अंगावरचा सदरा काढून देतात."

"पण टाकणार काय यात?"

"भवानी."

भवानी म्हणजे दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक, त्याचे पैसे. कुठलाही दुकानदार ते कपाळाला लावतो, भवानीला उधार देत नाही. काकूनं त्याच्या पुढची पायरी काढली. भवानीचा पैसा मोडायचाच नाही. तांदूळ संपो, लाकडं संपोत, पहिल्या राइस प्लेटचे दोन रुपये सरळ डब्यात. वर्षभर एक दिवस न चुकता टाकले तर सातशे व्हायचे, वर फार उरायचं नाही. पंधरा-वीस दिवस हुकले की टोप महाडला.

"आणि घरखर्च?" मंजुळानं विचारलं. "तो भागून काय उरेल ते टाका ना."

काकूनं तिच्याकडं असं पाहिलं की मंजुळाला शाळेत पट्टी खाल्ल्यासारखं वाटलं.

"उरंल ते? अगो, आपुन बायका घरात जेवाया शेवटी बसतो. उरंल ते खातो. काय उरतं? खरवड! तू पगाराचं बी तसंच करतेस. आधी वान्याला वाढतेस, मंग दूधवाल्याला, मंग त्या रेडिओला. सोताला बसवतेस शेवटी. एक दिवस आधी जेवून तर बघ."

मंजुळाला राग आला. पण पुढच्या एक तारखेला दत्तारामनं पगाराचं पाकीट हातात दिलं तेव्हा तिनं पहिली दहाची नोट काढली आणि बोर्नव्हिटाच्या डब्यात टाकली. मग उरलेल्यात महिना बसवला. बसला नाही. तिनं साखर कमी केली, दत्तारामनं पान-सुपारी कमी केली, आणि गोमाजी शेटच्या दुकानात "मांडून ठेवा" म्हणायचं बंद केलं. दत्ताराम दोन दिवस रुसला. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाला, "तू टाकलेस ते किती झाले गं?"

इकडं खानावळीत भवानीची मोठी मजा सुरू झाली. ड्रायव्हरांना कळलं की पहिलं ताट टोपाच्या नावाचं. मग चढाओढ लागली. महाबळेश्वर गाडीचा श्रीपत ड्रायव्हर पडवीत पाय ठेवायच्या आधीच ओरडायचा, "काकू, आज भवानी माझी!" काकू म्हणायची, "तुझी नको रे, तू चार भाकऱ्या खातोस. भवानी बारक्या पोटाची बरी." तरी त्याचे दोन रुपये कपाळाला लावायची आणि भिंतीपलीकडं हाक द्यायची, "मंजुळे, घे गो, टोप जेवला!" मंजुळा हातातलं काम टाकून धावायची. नाणं डब्यात पडलं की कसा आवाज यायचा, तो तिला आजही कानात ऐकू येतो म्हणते. पहिल्यांदा 'ठण्ण', मग महिन्यागणिक जाड होत गेलेला 'थप्'.

भिकाजीकाकांना हे सगळं दिसत होतं. श्रावणाच्या तोंडाशी ते मंजुळाच्या दारात आले, टोपी हातात घेऊन.

"मंजुळा, तुझ्याकडं डबा हाय ना... महाडला एक मशीन इकायला निघालंय. जुनं, पन आवाज काय त्याचा! शंभर रुपयं दिलं तर उद्या घेतो. एका गनपतीत सगळं कर्ज फेडीन बघ. तुझ्या काकीला सांगायची गरज नाय."

काका अगदी लहान पोरासारखं बोलायचे. मंजुळाचा हात डब्यापर्यंत गेलासुद्धा. मग तिनं कपाळाला लावला, डबा नव्हे, आपला हात.

"काका, भाडं मागता येतं का तुम्हाला आता?"

काकांनी टोपी डोक्यावर चढवली. "नाय," म्हणाले खरं-खरं, आणि निघून गेले.

आणि मग धो धो पाऊस. पोलादपूरचा पाऊस म्हणजे काय सांगायचं! सावित्री नदी फुगली, आंबेनळी घाटात दरड, कशेडीत दरड. गाड्या जिथल्या तिथं. स्टँडवर कुत्रंसुद्धा नाही. पहिला दिवस भवानी नाही. दुसरा नाही. तिसऱ्या दिवशी काकू पडवीच्या खांबाला टेकून रस्त्याकडं बघत बसली. टोमणा नाही, काही नाही. तिला गप्प बसलेली बघून मंजुळाला त्या पावसापेक्षा जास्त भीती वाटली.

चौथ्या दिवशी भिकाजीकाका वखारीतून घरी आले. रोज मागच्या दारानं यायचे, त्या दिवशी पुढून आले. घोंगडी झटकली, गिऱ्हाइकाच्या बाकड्यावर बसले आणि बोटांनी बाकडं वाजवलं.

"एक राइस प्लेट."

काकू बघतच राहिली. "अवो, तुमचं जेवन आत काढलंय."

"आत नको. मी गिऱ्हाईक हाय."

"दोन रुपयं पडतील."

"ठाऊक हाय." काकांनी वखारीच्या मजुरीतले दोन रुपये बाकड्यावर ठेवले. "आनि आमटी जरा घट्ट वाढा, बाई. तुमच्याकडं पातळ असती, असं ऐकून हाय."

"ज्यानं सांगतलं त्याच्या घरी जाऊन खावा!" काकू फणकारली. पण ताट वाढताना तिनं तोंड चुलीकडं केलेलं होतं, आणि धूर तर त्या दिवशी काही विशेष नव्हता. मग हाक आली, "मंजुळे, टोप जेवला गो!"

त्या पावसात काका जितके दिवस गाड्या बंद, तितके दिवस पुढच्या दारानं आले. विडी सोडली म्हणून दोन रुपये परवडायचे, ते काकूला कित्येक महिन्यांनी कळलं.

वर्ष सरलं. चौदा एप्रिलच्या जयंतीला मंजुळा महाडला माहेरी निघाली. डबा सोडून जायचा जीव होईना, म्हणून मांडीवर घेऊन एसटीत बसली. प्रत्येक खड्ड्याला डबा बोलायचा. कंडक्टर आला, कान देऊन म्हणाला, "वैनी, ह्याचं पन तिकीट काढा. माणसाएवढं वजन हाय." मग डबा ओळखून म्हणाला, "अरे, ह्यो काकूचा! म्हंजे माझ्याच भवानीला मी फुकट फिरवतोय!" गाडीभर हसं झालं. मिरवणूक बघताना, वरणभात खाताना, झोपताना, डबा मंजुळाच्या उशाशी. आई म्हणाली, "नवरा नाही आणलास, डबा आणलास?"

अक्षय तृतीयेच्या सकाळी दत्तारामनं छिन्नीनं डब्याचं झाकण उघडलं. काकू, काका, मंजुळा, सगळे जमिनीवर बसले आणि मोजायला लागले. सातशे बारा निघाले. काकूनं बारा रुपये बाजूला काढले आणि त्याच डब्यात परत टाकले. काका म्हणाले, "आता कशाला? कर्ज तर फिटलं." काकू म्हणाली, "टोप सुटला म्हनून जेवाया बंद करतो काय?"

गोमाजी शेटच्या दुकानात सणाची गर्दी. ओट्यावर म्हातारी धोंडूबाई गुळाची ढेप निरखत बसलेली. काकूनं चिल्लरीची पिशवी गल्ल्यावर ओतली. शेटनी मोजले, दोनदा मोजले, "बरोबर हाय" म्हणाले, आणि दोन हमालांनी मागून टोप आणून पायरीवर ठेवला. बुडाला बोटभर काजळी, एक कडी हलणारी, काठाला पोचा.

"ह्यो माझा टोप?" काकू म्हणाली.

"नाव वाच की, वैनी."

"नाव वाचूनच दमलेय, शेट. गहाण ठेवला व्हता माळ्यावर, फिरला तालुकाभर. भाडं किती घेतलंत दर लग्नाला?"

भाडं घेतलं होतं हे एव्हाना सगळ्या पोलादपूरला ठाऊक. पण कबूल करावं तर पाच-सहा वर्षांच्या व्याजाला तोंड फुटणार. शेटनी कानाच्या पाळ्या धरल्या.

"भाडं? शिव शिव! एक पैसा घेतला नाय. लोकांची अडचन, शेजारधर्म म्हनून वापराया दिला. शेजाऱ्याचं भांडं शेजाऱ्यानं वापरलं, बिघडलं काय?"

मंजुळा खवळली. तोंड उघडणार, तेवढ्यात काकूनं तिच्या दंडाला असा चिमटा काढला की शब्द तिथंच मेला.

"कायच नाय बिघडलं," काकू साखरेसारखं बोलली. "भाडं घेतलं असतं तर मी याजाचा हिशेब मांडला असता. पन शेजारधर्म म्हटलात, संपला इषय."

शेटचा जीव भांड्यात पडला. काकू मात्र उठेना. पायरीवर टोपाशेजारी ऐसपैस मांडी घालून बसली.

"मंग न्या की, वैनी. बसलीस का?"

"वाट बघतेय."

"कसली?"

"शेजाऱ्याचं भांडं वापरलं की परत कसं देतात, शेट? तुमच्यात रिकामं देतात?"

धोंडूबाईनं गुळावरची नजर काढली. "रिकामं भांडं परत करू नाय, बाबा. आनि आज तर सनाचा दिस."

शेट हसले. गल्ल्याशेजारच्या थाळीतून चिमूटभर साखर घेतली आणि टोपात टाकली.

"वाटी नेली तर चिमूट," काकू म्हणाली. "ह्यो टोप हाय. ह्याचा तळ तरी झाकाया नको?"

"तळ? अगो, परातीएवढा तळ हाय त्याचा!"

"तुमीच नेलात मोठा. मी म्हटलं व्हतं का, मोठा न्या म्हनून?"

आतून शेटची बायको ओरडली, "अवो, उघड्या तळाचं भांडं दारातून बाहेर पाठवू नका हां! त्याचा अपशकुन वरीसभर पुरंल मला!"

शेट गुमान उठले. तांदळाच्या पोत्यात पायली बुडवली.

"त्यातला नको," काकू म्हणाली. "त्यात खडे हायत. तोच मला देता नेमी, मला ठाऊक हाय. त्या पलीकडच्या पोत्यातला घाला."

पायली आली, तांदूळ टोपात पसरला. शेट म्हणाले, "झाला."

"मधीच झालाय. कडंला बघा."

दुसरी पायली. मंजुळानं पदर तोंडात कोंबलेला. भिकाजीकाका वळून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते, खांदे हलत होते.

"आता झाकला!"

काकूनं गुडघ्यावर हात ठेवून वाकून टोपात चौफेर पाहिलं. "त्यो तिथं, कडीखाली. कल्हई दिसतीय."

"डोळं हायत का भिंग?"

"सहा वर्सं याज मोजून तेज झालेत."

शेटनी तिसरी पायली कडीखाली उपडी केली आणि माप आदळून गल्ल्यावर ठेवलं. काकूनं हातानं तांदूळ सारखा केला, कुठं फट राहिली का बघितलं, मग हमालांना म्हणाली, "उचला. सांडू नका."